बारावा रकाना

ही घडलेली गोष्ट आहे. विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. जिच्याबाबतीत घडली ती माझी सख्खी मामेबहीण आहे, आणि तिने आयुष्यात एकही भुताची गोष्ट शेवटपर्यंत ऐकलेली नाही. मध्येच उठून जायची. घाबरून नव्हे, कंटाळून.

रात्र नव्हती. वीजही गेलेली नव्हती.

रविवार होता. दुपारचे सव्वादोन. बाहेर डोळे दिपवणारं ऊन.

जागा म्हणाल तर टायरच्या दुकानावरचा तिसरा मजला. एक ऑफिस. सहा टेबलं, दरवाजा नीट न लागणारं एक कपाट आणि कोपऱ्यात काचेच्या खोक्यासारखी सर्व्हरची खोली. जिन्यातून वर येणारा रबराचा वास. सहापैकी एक टेबल, खिडकीजवळचं, चार महिन्यांपासून रिकामं.

बहिणीला घरात आम्ही सगळे ताई म्हणतो. इथेही तेच म्हणतो.

तिचं काम काय होतं ते आधी सांगायला हवं. एका इस्पितळासाठी त्यांचं ऑफिस फॉर्म तयार करत होतं. जावाच्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या तयार सांगाड्यात, असं पान आधी मार्कअपमध्ये लिहितात. म्हणजे साधा मजकूर. इथे एक रकाना हवा, तर त्याचा एक टॅग. सर्व्हर तो मजकूर वाचतो आणि प्रत्येक टॅगचा एक जिवंत कॉम्पोनंट तयार करतो, ज्यात तुम्ही टाइप करू शकता. एरवी हा मजकूर फाइलमध्ये पक्का असतो. पण या इस्पितळाला फॉर्म सारखे बदलायचे असायचे, म्हणून मजकूर डेटाबेसमध्ये ठेवला होता. पान उघडलं की त्याच क्षणी तो वाचायचा, त्याच क्षणी कॉम्पोनंट बांधायचे आणि पानाला जोडायचे.

जितके टॅग, तितके रकाने. एक कमी नाही, एक जास्त नाही.

हे बांधकाम करणाऱ्या कोडला ऑफिसात 'बिल्डर' म्हणायचे. आपल्या फ्लॅटची चावी अडवून ठेवतो तो नव्हे. पण स्वभाव साधारण तसाच, एका टॅगची चूक झाली तरी सगळं पान अडवून धरायचा.

हा बिल्डर ताईने लिहिलाय, असं साहेब मानत होते.

तो ताईने लिहिला नव्हता.

तो लिहिला होता मास्तरांनी. खिडकीजवळच्या टेबलावर बसणाऱ्या. पन्नाशीचा माणूस, ऑफिसातला सगळ्यात जुना प्रोग्रामर. शिकवायचे काहीच नाहीत, नुसती छडी चालायची, तीही तोंडाने. म्हणून मास्तर. पहिल्या दिवशी ताई नवे कपडे घालून, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसली होती. मास्तर वर न बघता साहेबांना म्हणाले, "पाहुणी आलीय. पाणी द्या, विचारपूस करा आणि निरोप द्या."

साहेब हसले. तेव्हापासून मास्तरांनी तिला दुसऱ्या कशानेच हाक मारली नाही. पाहुणी. तेव्हाचे बाकीचे लोक पुढे सोडून गेले आणि आताचे सगळे मास्तरांनंतर लागलेले, त्यामुळे ही हाक तिघांनाच माहीत होती. ती, साहेब आणि मास्तर.

ती कोड दाखवायला गेली की मास्तर स्क्रीनकडे बघत अंगठ्याने स्पेसबार तीनदा वाजवायचे.

टक. टक. टक.

आणि मग दोनच शब्द. "पुन्हा बघ."

काय चुकलंय ते कधीच सांगायचे नाहीत. दीड वर्ष हे चाललं. तिला तो माणूस डोळ्यांसमोर नको व्हायचा.

मग मास्तरांच्या छातीत दुखायला लागलं आणि ते दाखल झाले. योगायोग बघा, त्याच इस्पितळात. तिसऱ्या दिवशी ताईच्या फोनवर 'मास्तर' असं नाव उमटलं. तिने फोन पालथा घातला. पुन्हा वाजला. पुन्हा. तीनदा. तिने एकदाही उचलला नाही. "म्हटलं, अंथरुणावरूनही हा माणूस 'पुन्हा बघ'च म्हणणार," असं ती मला म्हणाली होती.

चौथ्या दिवशी ते गेले.

काम पुरं झाल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही, ही मास्तरांची सवय. बिल्डर फक्त त्यांच्याच मशीनवर होता, जवळजवळ पूर्ण. ताईने तो उतरवून घेतला, शेवटचा थोडा भाग जोडला. साहेबांनी विचारलं, "त्या बिल्डरचं काय झालं? मास्तरांबरोबर गेला की काय?"

आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "नाही सर. तो मीच करत होते."

प्रत्येक फाइलच्या माथ्यावर एक ओळ असते. लेखक कोण त्याची. यंत्राला तिचा काही उपयोग नसतो, माणसांसाठी असते. त्या संध्याकाळी ताईने मास्तरांचं नाव पुसून तिथे स्वतःचं लिहिलं. पुढच्या आठवड्यात मास्तरांचं मशीन कोरं करून कपाटात गेलं.

झालं. कुणालाही कळायचं कारण नव्हतं.

आता त्या रविवारी काय पणाला लागलं होतं ते ऐका. सोमवारी सकाळी दहाला इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टर फॉर्म बघायला येणार होत्या. साहेबांनी आडपडदा ठेवला नव्हता. "चाललं तर तू या टीमची प्रमुख. नाही चाललं तर सोमवारीच टेबल आवरायचं. मला रडारड चालत नाही."

म्हणून रविवारी ती ऑफिसात होती. सोबत टेस्टर. त्याला सगळे चिकट्या म्हणत, कारण एकदा चूक हाताला लागली की सोडायचा नाही. तो तीन महिन्यांपूर्वी लागलेला. मास्तरांना त्याने पाहिलंही नव्हतं.

सव्वादोनला चिकट्या म्हणाला, "ए, रकाने किती म्हणालीस?"

"अकरा."

"मोजून सांग."

"मीच लिहिलेत. मोजायचं काय त्यात?"

"मग माझे डोळे गेले म्हणायचे. मला बारा दिसतायत."

ती खुर्ची सरकवत त्याच्या टेबलाशी गेली. पेशंटचं नाव, वय, रक्तगट... खाली खाली अकरा रकाने. आणि सगळ्यात शेवटी...

एक रिकामा रकाना. त्याला शीर्षक नव्हतं. काहीच नव्हतं.

"डेटाबेसमध्ये हात घातलास का तू?"

"मी? मला पासवर्ड दिलायत का कधी? मागून मागून तोंड दुखलं."

तिने डेटाबेस उघडला. टॅग मोजले. बोट ठेवून मोजले. अकरा.

तिने सर्व्हरचा लॉग बघितला, म्हणजे त्याची नोंदवही. प्रत्येक रकाना बांधला की बिल्डर तिथे एक ओळ लिहायचा. 'बांधला: नाव.' 'बांधला: वय.' अशा अकरा ओळी. आणि मग बारावी...

'बांधला:'

पुढे काहीच नाही.

इथेच ती पहिल्यांदा चरकली. कारण प्रत्येक कॉम्पोनंटला एक आयडी असतो. तुम्ही दिला नाहीत, तर फ्रेमवर्क स्वतःच एखादा आडवातिडवा आयडी चिकटवतं. कोरा आयडी असूच शकत नाही.

पण ताई घाबरून बसणाऱ्यांतली नाही. तिने एका वेळी एकच गोष्ट बदलायला सुरुवात केली. सर्व्हर बंद करून चालू केला. बारा. दुसरा ब्राउझर. बारा. दुसरं मशीन. बारा. कोडमधूनच तो बारावा कॉम्पोनंट उपटून टाकला. पान उघडताना अकराच दिसले. तिने सुस्कारा सोडला, माउस हलवला, आणि बारावा जागेवर होता.

शेवटी तिने एक नवा फॉर्म केला. मार्कअप पूर्ण रिकामं. एक अक्षर नाही, एक टॅग नाही. यातून कोरं पान यायला हवं.

तिने पान उघडलं...

पांढऱ्याशुभ्र पानाच्या मधोमध एक रकाना.

"आई शप्पथ," चिकट्या म्हणाला. "हा कशातून बांधला यानं?"

ताईने पान पुन्हा उघडलं. तेच.

"तूच लिहिलायस ना बिल्डर? मग तुला माहीत नको?"

"चहा आण जा."

"अगं, मी नुसतं विचारलं..."

"मीही नुसतं सांगतेय. जा."

तो पुटपुटत खाली गेला. जिन्यावर त्याच्या चपला वाजत गेल्या. मग थांबल्या.

आता ऑफिसात ती एकटी.

पंखा फिरत होता. सर्व्हरच्या खोलीतून नेहमीची घरघर येत होती. खाली टायरवाल्याची हवा भरायची मोटर धडधडत होती. मग ती मोटर थांबली. आणि एकाएकी...

घरघरही थांबली.

सर्व्हर बंद पडला असेल तर पान मरायला हवं होतं. तिने बटण दाबून बघितलं. पान चालत होतं.

त्या शांततेत तिला आवाज आला.

टक.

टक.

टक.

खिडकीजवळून.

तिने मान वळवली. टेबल रिकामं. कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही. चार महिन्यांची धूळ, आणि कीबोर्ड होता तिथे एक स्वच्छ लांबट चौकोन. त्या चौकोनात धूळ बसलीच नव्हती. चार महिन्यांत.

ती पुन्हा स्क्रीनकडे वळली.

रकान्याला शीर्षक आलं होतं.

'कोणी बांधलं?'

शेजारी लाल चांदणी. म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

तिने बिल्डरची फाइल उघडली. माथ्यावरची ओळ बघितली. 'लेखक:' आणि पुढे कोरं. तिचं नाव नव्हतं. मास्तरांचंही नव्हतं. तिने आपलं नाव लिहिलं, फाइल जतन केली, पुन्हा उघडली.

कोरं.

मग मात्र तिला राग आला. हे ती स्वतः सांगते. भीती नंतर, आधी राग. मेल्यावरही हा माणूस पाठ सोडत नाही म्हणजे काय! तिने पानावर जाऊन त्या रकान्यात ठासून आपलं नाव टाइप केलं आणि 'जमा करा' दाबलं.

रकान्याखाली लाल अक्षरं उमटली.

'पुन्हा बघ.'

तिने पुन्हा आपलंच नाव लिहिलं. दाबलं.

'पाहुणी, पुन्हा बघ.'

मागे काहीतरी खणकन वाजलं आणि ती किंचाळली. चिकट्या होता. चहाचे दोन ग्लास टेबलावर आदळून तो वाकून स्क्रीन वाचत होता.

"पाहुणी? हे काय लिहिलंय? कोण पाहुणी?"

म्हणजे त्यालाही दिसत होतं.

ताई म्हणते, मला वेड लागलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. कुणाची थट्टा म्हणावी तर तो शब्द या पोराला माहीत नव्हता. साहेबांना माहीत होता, पण त्यांना साधा मेल पाठवताना माणूस लागतो.

"ते टेबल कुणाचं होतं गं?" चिकट्याने हळूच विचारलं. तो खिडकीकडे बघत होता. "जिन्यात होतो तेव्हा वाटलं, तिथे कुणीतरी टाइप करतंय."

तिने रकान्यातलं आपलं नाव पुसलं. एकेक अक्षर करत 'मास्तर' लिहिलं. दाबलं.

'नोंद जमा झाली.'

सर्व्हरची घरघर सुरू झाली. खाली मोटर धडधडू लागली. तिने पेशंटचा फॉर्म उघडला. अकरा. लॉगमध्ये अकरा. डेटाबेसमध्ये अकरा.

तिने फाइलच्या माथ्यावर मास्तरांचं नाव लिहिलं. ते टिकलं. मग शेजारी स्वल्पविराम देऊन आपलंही लिहिलं. तेही टिकलं.

झालं, असं तिला वाटलं. त्याला हवं होतं ते दिलं. ती ओळ साहेब काही उघडून बघणार नाहीत. बाहेर काहीच बदलायची गरज नाही.

इथेच ती चुकली.

सोमवारी दहाला मीटिंगच्या खोलीत चौघं होती. साहेब, ताई, चिकट्या, आणि इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टर. साठीच्या बाई, केस आखूड कापलेले, बोलणं त्याहून आखूड. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर फॉर्म.

साहेब खुशीत होते. "डॉक्टर, आजकालची पोरं काय करतील याचा नेम नाही. हे सगळं या मुलीने एकटीने बांधलंय. एकटीने बरं का!"

एक वाक्य बोलायचं होतं. एकच. चिकट्या तिच्याकडे बघत होता.

ताईने मान खाली घातली आणि हसली.

टक. टक. टक.

"कोण वाजवतंय?" डॉक्टर म्हणाल्या.

"खाली टायरवाला आहे," साहेब म्हणाले. "त्याचं दिवसभर काहीतरी चालूच असतं. तुम्ही भरून बघा ना स्वतः."

डॉक्टरांनी कीबोर्ड ओढला. नाव भरलं, वय भरलं, एकेक करत खाली आल्या. मग थांबल्या.

"अकरा म्हणाला होतात ना? हा बारावा कशाचा? कोणी बांधलं... हे पेशंटने सांगायचं का आम्ही?"

ताईने कीबोर्डकडे हात पुढे केला.

"असू दे, सोपं आहे." डॉक्टरांनी हसत तिचं नाव टाइप केलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर हातभर उंचीची लाल अक्षरं आली.

'पाहुणीने नाही.'

डॉक्टरांना काही कळलं नाही. चिकट्या उठून उभा राहिला. पण साहेब... साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग ताईकडे.

"हा काय चावटपणा आहे?" त्यांचा आवाज बसला होता. "हे तू लिहिलंस?"

"नाही, सर."

"मग कोणी?"

ताईने टेबलाची कड घट्ट धरली. "बिल्डर मास्तरांचा आहे, सर. पहिल्यापासून. मी शेवटचा थोडा भाग जोडला. त्यांचं नाव मी पुसलं."

चिकट्या हळूच खाली बसला.

"ते शेवटच्या दिवसांत मला फोन करत होते," ती म्हणाली. "मी उचलला नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "थांबा. मास्तर म्हणजे... तुमच्या इथले, छातीत दुखतं म्हणून आलेले? सात नंबरच्या खोलीतले? सारखा लॅपटॉप मागायचे. नर्स देत नव्हत्या म्हणून माझ्याशी भांडले. हाताला सलाईन, तरी नर्सकडून कुणाला तरी फोन लावून घेतला. तीनदा. मी तिथेच उभी होते."

"काय म्हणत होते?" साहेबांनी विचारलं.

"एक गोष्ट राहिलीय, ती ऑफिसातल्या मुलीला सांगायचीय. पलीकडून कुणी उचलेना. तेव्हा फोन ठेवला आणि म्हणाले..."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा लावला. आठवत होत्या.

"म्हणाले, राहू दे. मीच येऊन करतो."

पडद्यावरचा रकाना अजून तिथेच होता. आत कर्सर लुकलुकत होता. डॉक्टरांनी त्यात काही लिहिलं नाही. कुणीच लिहिलं नाही. साहेबांनी पडद्याची वायर भिंतीतून खेचून काढली.

ताईने त्याच दुपारी टेबल आवरलं. साहेब दारात उभे होते, पण तिला बोलले काहीच नाहीत. तिच्याकडे बघतही नव्हते. खिडकीकडे बघत होते.

इस्पितळाने ते फॉर्म घेतले. आजही तिथे तेच चालतात. चिकट्याचा अधूनमधून फोन येतो. पानावर अकराच रकाने दिसतात म्हणे. पण लॉगमध्ये रोज बारावी ओळ पडते. 'बांधला:' आणि पुढे कोरं. त्याने बिल्डर अथपासून इतिपर्यंत तीनदा वाचला. त्यात करायचं काहीच राहिलेलं दिसत नाही. राहिलेली ती गोष्ट कोणती होती, ते कुणालाच सापडलेलं नाही.

मी विज्ञान शिकलोय. मी खूप कारणं काढून बघितली. जुनं पान ब्राउझरच्या आठवणीत राहणं, दोन माणसांचं एकाच वेळी चाललेलं काम सर्व्हरवर एकमेकांत मिसळणं. यातून एखादा जास्तीचा रकाना येऊ शकतो. रिकाम्या मार्कअपमधून येऊ शकत नाही. आणि 'पाहुणी' कशातूनच येऊ शकत नाही.

ताई आता दुसरीकडे काम करते. कुठलाही फॉर्म भरायच्या आधी बोट ठेवून रकाने मोजते. बँकेत, दवाखान्यात, कुठेही. लोक हसतात.

मागच्या रविवारी ती घरी आली होती. गप्पा मारता मारता तिने फोन माझ्यापुढे धरला. मास्तरांचे न उचललेले फोन तिने अजून पुसलेले नाहीत.

मला माहीत होतं, तीन आहेत. तरी मी मोजले.

पहिला. तारीख, वेळ. दुसरा. तारीख, वेळ. तिसरा. तारीख, वेळ.

आणि त्याखाली...

'मास्तर.'

ना तारीख, ना वेळ.

"कधी आला हा?" मी विचारलं.

"माहीत नाही. वाजलाच नाही." तिने फोन परत घेतला. पालथा नाही, सरळ ठेवला. मांडीवर, दोन्ही हातांनी धरून. "वाजला तर या वेळी उचलणार आहे."

संध्याकाळपर्यंत ती तशीच बसून होती. खुर्चीच्या कडेवर.